अकरापैकी तीन

बोअरच्या मशीनमागे एक छोटा चर खणलेला असतो. खडक कापणारं बिट थंड ठेवायला आत सोडलेलं पाणी वर परत येतं आणि त्या चरातून वाहत खड्ड्यात जातं. नवशिका माणूस मशीनकडे बघत बसतो, जुना ड्रिलर चराकडे बघतो. आमच्या ड्रिलरची खुर्चीही चराकडे तोंड करूनच असायची. आदल्या दिवसापासून राखाडी पाणी येत होतं, म्हणजे खाली काळा घट्ट बेसाल्ट. त्या दिवशी अकराच्या सुमाराला त्याने बिडी विझवली आणि म्हणाला, "मॅडम, लाल आलं."

आम्ही 84 मीटरच्या खाली होतो. सह्याद्रीच्या एका घाटात बोगदा व्हायचा होता आणि त्याचं छत साधारण 86 मीटरवर येणार होतं. म्हणजे हे लाल पाणी नेमकं नको तिथे आलं होतं.

घाटातून जाताना कड्याच्या काळ्या भिंतीत आडवी लाल पट्टी दिसते, ती बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. आंबेनळीच्या बाजूला तर एकाखाली एक अशा कितीतरी आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर पसरला, थंड झाला, त्याच्या माथ्याची माती झाली किंवा वर राख पडून ती कुजली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्यावर बसला. भाजल्यासारखा लाल झालेला हा मधला थर म्हणजे रेड बोल. आम्ही नुसतं 'बोल' म्हणतो. कुठे चार बोटं जाड, कुठे दोन पुरुष. वरचा आणि खालचा बेसाल्ट हातोड्याला दाद देत नाही आणि मधला हा बोल नखाने खरवडता येतो. त्यात फुगणारी चिकणमाती असते. ओला केला की फुगतो, वाळला की भेगाळतो, आणि वाळवून पुन्हा ओला केला की सरळ चिखल होतो. बोगद्याच्या छतात असा थर आला तर त्याला आधार कुठला आणि किती द्यायचा हे ठरवायला त्याची ताकद माहीत हवी. ती लॅबमध्ये काढायची. त्यासाठी तो लॅबपर्यंत अख्खा पोचायला हवा. माझं काम एवढंच होतं.

एवढंच, असं मला तेव्हा वाटत होतं.

पहिल्या बोअरला दुहेरी नळीचं बॅरल होतं. बॅरल म्हणजे खडकाचा कापलेला दंडगोल, म्हणजे कोअर, वर आणणारी नळी. दीड मीटरचा रन मारून, म्हणजे एका दमात तेवढं खणून, बॅरल वर काढलं. कोअर आत अडकलेला, म्हणून हेल्परने सवयीने बॅरलवर हातोडा घातला. बेसाल्टला त्याचं काही वाटत नाही. बोलाला वाटतं. कोअर बॉक्समध्ये जे उतरलं त्यात काही तुकडे, काही चुरा आणि बरंचसं काहीच नाही. मोजलं तर दीड मीटरमधून 62 सेंटीमीटर हाताला लागलं, म्हणजे 41 टक्के रिकव्हरी. बाकीचं त्या चरातून लाल होऊन वाहून गेलं होतं. दहा सेंटीमीटरहून लांब तुकडे दोनच होते, एक 14 चा आणि एक 11 चा, म्हणजे आर.क्यू.डी., खडक किती अखंड आहे याचं टक्क्यांतलं माप, 17 च्या आसपास. डॉन डीअर यांनी साठच्या दशकात काढलेलं हे माप किती साधं आहे: दहा सेंटीमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करा, रनच्या लांबीने भागा. पण त्यात एक अट आहे, हातोड्याने किंवा हाताळताना तुटलेलं ते तुटलेलं धरायचं नाही. आता बोलाच्या बाबतीत कुठला तुकडा निसर्गाने तोडला आणि कुठला हेल्परने, हे सांगायला देव यायला हवा. ताज्या तुटीचा पृष्ठभाग खरखरीत आणि स्वच्छ असतो, जुन्या भेगेवर काहीतरी साका चढलेला असतो, असं वर्गात शिकवतात. बोलात दोन्ही सारखेच लाल.

मी लॅबमधल्या मामांना फोन लावला. आमच्या लॅबमध्ये मामा म्हणजे नमुने तयार करणारे. पद टेक्निशियनचं, वय निवृत्तीच्या अलीकडे. कोयनेच्या चौथ्या टप्प्याच्या वेळी ते तिकडे बोअरिंगवर होते आणि 13 मार्च 1999 ला लेक टॅपिंग झालं, म्हणजे भरलेल्या जलाशयाला खालच्या बोगद्यातून स्फोटाने भोक पाडलं, तेव्हा आपण कुठे उभे होतो हे ते न विचारता सांगतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "गुंडाळलंत का?"

"अजून लॉगिंग चाललंय, मामा." लॉगिंग म्हणजे कोअर बघून त्याची नोंद करणं.

"लॉगिंग गेलं तेल लावत. आधी गुंडाळा. ऊन आहे का तिथे?"

मे महिना होता. ऊन होतंच.

गुंडाळायचं सामान माझ्याकडे होतं, पण घाई का करायची हे मला त्या दिवशी बोलापेक्षा त्याच्या खालच्या बेसाल्टने शिकवलं. पुढच्या रनमध्ये जो बेसाल्ट आला त्यात बारीक पोकळ्या होत्या आणि त्या एका हिरव्या खनिजाने भरलेल्या होत्या. क्लोरोफाइट म्हणतात त्याला, आणि क्लोराइट नावाचं दुसरं खनिज आहे त्याच्याशी याचा गोंधळ करू नये म्हणून आमचे सर त्याचा उच्चार मुद्दाम 'क्लोरोफेआइट' असा ताणून करतात. बॅरलमधून निघाला तेव्हा कच्च्या पेरूसारखा हिरवा होता. मी फोटोसाठी पट्टी आणि पाटी शोधत होते. फोटो काढेपर्यंत हिरवा मळकट झाला आणि जेवून आले तर काळा. हवा लागली, बस. साडेसहा कोटी वर्षं ज्याने रंग धरून ठेवला, त्याने माझ्या पिठलं-भाकरीएवढ्या वेळात तो सोडला. शेजारच्या बोलाच्या तुकड्यांवर तोवर केसासारख्या भेगांची जाळी उठली होती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बोअरला मी तिहेरी नळीच्या बॅरलसाठी हट्ट धरला. त्यात सगळ्यात आतली नळी उभी दोन भागांत उघडते, पेन्सिलची लाकडी पेटी उघडावी तशी. हातोडा लागत नाही. ड्रिलर कुरकुरला, कारण त्याचे पैसे मीटरवर आणि या बॅरलला वेळ लागतो. पाणी कमी सोडा, दाब कमी द्या, रन दीड मीटरचा न मारता अर्ध्या मीटरचाच मारा, हे सगळं त्याने ऐकलं पण माझ्याकडे बघणं सोडलं. दुसऱ्या बोअरमधली ती नळी पहिल्यांदा उघडली आणि आत अखंड लाल दंडगोल दिसला तेव्हा मात्र तोच हेल्परला म्हणाला, "हात लावू नको रे."

आता गुंडाळणं. हे मामांनी फोनवर सांगून माझ्याकडून करून घेतलं, म्हणून मोजून मापून लिहिते.

नळीतून कोअर उचलायचा नाही, सरकवायचा. नळीच्या तोंडाशी उभी चिरलेली पी.व्ही.सी. पाइपची खाप लावायची आणि त्यात अलगद ढकलायचा. लगेच दोन रेघा मारायच्या, लाल आणि निळी शेजारी शेजारी, कुठल्याही तुकड्यावर वरचं टोक कुठलं हे नंतर कळावं म्हणून. ओल्या बोलावर मार्कर चालत नाही, तेव्हा पहिला क्लिंग फिल्मचा थर चढवून त्यावर मारायच्या. फिल्म दोनदा, आतली हवा बोटाने काढत. त्यावर पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियम फॉइल. मग वजन. मग मेण.

मेणाचं प्रकरण वेगळं आहे. नुसतं पॅराफिन लावलं की थंड होताना तडकतं, म्हणून मामा त्यात मधमाश्यांचं मेण मिसळतात. किती, तर "हाताला चिवट लागेल एवढं". स्टोव्हवर पातेल्यात पाणी, पाण्यात दुसरं पातेलं, त्यात मेण. थेट आचेवर ठेवलं तर मेण फार तापतं आणि फॉइलच्या आतला बोल बाहेरून शेकतो, म्हणजे ज्या ओलाव्यासाठी हा खटाटोप, तोच जातो. वितळलं की आच बंद करायची, पातेल्याच्या कडेला मेण पांढरं व्हायला लागेपर्यंत थांबायचं आणि मग रुंद ब्रशने फासायचं. एक थर, त्यावर मलमलीची पट्टी, पुन्हा थर. दोन्ही टोकांना जास्त. शेवटच्या थराआधी कागदाची चिठ्ठी: बोअर नंबर, कितीपासून किती खोली, वर दाखवणारा बाण, तारीख. तिच्यावरून शेवटचा पातळ थर दिला की चिठ्ठी पुसत नाही, फाटत नाही आणि वाचता येते. मी आधी फॉइलवर मार्करने लिहिलं होतं. एका दिवसात साफ.

तंबूत बसून मी असे एकूण अकरा तुकडे गुंडाळले. पहिल्या बोअरचे दोन, बाकीचे नऊ दुसऱ्या-तिसऱ्याचे. शेवटी शेवटी हात बसला होता. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर सासरी पाठवायची शिदोरी बांधतेय असं वाटलं असतं.

पहिल्या बोअरचे दोन तुकडे मी स्वतः मांडीवर घेऊन जीपने पुण्याला आणले. बाकी नऊ नंतर भाड्याच्या गाडीतून आले. भुसा भरलेल्या पेट्या, पेट्यांवर 'वरची बाजू', 'उन्हात ठेवू नये', सगळं लिहिलेलं. गाडीवाल्याने पेट्या टपावर टाकल्या आणि वाटेत जेवायला थांबला. दोन पेट्यांमधलं मेण मऊ होऊन एका बाजूला ओघळलं होतं, आणि त्याच दोन तुकड्यांना आत आडवी चीर गेली होती. नियमाने बघितलं तर चूक माझी. मांडीवर आणता येतात ते दोनच, हे मला ठाऊक होतं, आणि तरी उरलेल्यांसोबत मी बसले नाही. बोलाचा बोल कुणाला लावणार?

पण त्याआधीच लॅबमध्ये जे झालं होतं ते सांगायला हवं. ते गाडीवाल्याच्या माथी मारता येत नाही.

14 सेंटीमीटरचा तो पहिला तुकडा. नमुना तयार करण्याची पद्धत आय.एस. 9179 या भारतीय मानकात दिलेली आहे, एकाक्षीय दाबताकद, म्हणजे फक्त वरून दाबल्यावर नमुना किती दाब सोसतो ते, काढण्याची 9143 मध्ये. दंडगोलाची लांबी व्यासाच्या किमान दुप्पट हवी. आमचा कोअर एन.एक्स. मापाचा, व्यास 54.7 मिमी. म्हणजे दुप्पट झाली 109 मिमी, अडीचपट हवी असेल तर 137. टोकं कापून सपाट करण्यात दोन्हीकडचा एकेक सेंटीमीटर जातो असं धरलं तर 14 मधून 12 उरणार. बसतंय. मामा त्या दिवशी रजेवर होते. नुकतंच हिऱ्याचं नवं पातं बसवलेलं मशीन रिकामं होतं. मी तुकडा सोडवला, पकडीत धरला, मशीन सुरू केलं.

त्या मशीनला पाणी लागतं. पात्यावर दोन्ही बाजूंनी धार पडत असते, नाहीतर पातं तापून जातं. मी हजार वेळा ते मशीन चालवलंय. बोल पाण्यात विरघळतो हे मी लोकांना सांगत फिरते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि त्यांची भेट झाली नव्हती. पातं टेकलं, ट्रेमधलं पाणी कुंकू कालवल्यासारखं झालं, पकडीतला तुकडा एका बाजूने मऊ पडला, पकड सैल झाली आणि पात्याने तो ओढून घेतला. सगळं मिळून दोन मिनिटं. मशीन बंद केलं तेव्हा पकडीत अर्धचंद्राएवढं काहीतरी उरलं होतं आणि माझा एप्रन रंगपंचमीचा.

मामा दुसऱ्या दिवशी आले, ट्रे पाहिला, काही बोलले नाहीत. ट्रे धुवायला घेतला. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

मग त्यांनी दाखवलं. पी.व्ही.सी.ची तीच चिरलेली खाप, तिला दोन ठिकाणी काटकोनात खाचा पाडलेल्या, सुताराच्या साच्यासारख्या. मेण आणि फॉइल काढायचं, क्लिंग फिल्म काढायची नाही. जिथे कापायचं त्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रिकची काळी टेप घट्ट तीन वेढे. तुकडा खापेत. मग हॅक्सॉ, बारीक दाताचं, इंचाला 32 दात असलेलं पातं. दाब द्यायचा नाही. पात्याच्या वजनाने जेवढं कापेल तेवढं कापू द्यायचं, दर पाच-सात घासांनंतर तुकडा थोडा फिरवायचा, म्हणजे चहूबाजूंनी आत जाऊन मध्ये भेट होते आणि शेवटी कडेचा टवका उडत नाही. ब्रशने दात साफ करत राहायचं. पाणी नाही, तेल नाही. एका कापाला मला चाळीस मिनिटं लागली. मामांना पंचवीस. "दूध तापवताना कसं, समोर उभं राहायचं," ते म्हणाले. "पण चमचा घालायचा नाही."

एवढं करूनही तीन तुकडे कापताना गेले. एकात मध्ये पांढरी गारगोटी निघाली, हरभऱ्याएवढी. पातं तिच्यावर अडलं, धक्का बसला आणि बोल तिथूनच दुभंगला. दुसऱ्यात तिरकी जुनी भेग होती, फिल्मखालून दिसली नव्हती. तिसरा का गेला ते मला अजून माहीत नाही. तो मामांच्या हातात गेला, म्हणून मी त्याबद्दल विचारलंही नाही.

कापल्यावर टोकं सपाट करणं. बेसाल्टचा नमुना असतो तेव्हा सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून उंचसखलपणा मोजणारं डायल गेज फिरवायचं, काटा 0.02 मिमीच्या आत राहिला पाहिजे. माणसाच्या केसाच्या जाडीहून हे कमी. टोक जरा जरी उंचसखल असलं तर दाब सगळीकडे सारखा न पडता त्या उंचवट्यावर एकवटतो आणि नमुना आपल्या खऱ्या ताकदीच्या आधीच फुटतो. बेसाल्टला आम्ही ही मर्यादा रोज पाळतो. बोलाला ती लावणं म्हणजे खिरीला धार लावण्यासारखं आहे. काचेवर एमरी पेपर चिकटवून, त्यावर तुकडा उभा धरून, हलक्या हाताने गोल गोल फिरवत जेवढं जमेल तेवढं. एक कण निघाला की तिथे खड्डा, खड्डा काढायला अजून घासायचं, तोवर दुसरा कण. कुठेतरी थांबावं लागतं, नाहीतर लांबी व्यासाच्या दुपटीखाली जाते.

थांबल्यावर जे उरलं त्याला टोपी. दातांचे डॉक्टर साचा करायला जे प्लास्टर वापरतात ते, घट्ट कालवून. पण त्यातही पाणी आहे, म्हणून टोकावर क्लिंग फिल्मचा एक पापुद्रा ताणून बसवायचा, काचेवर तेलाचं बोट, काचेवर प्लास्टरचा गोळा, त्यावर नमुना सरळ उभा दाबायचा, गुण्याने ओळंबा बघायचा. दोन-तीन मिमीची टोपी होते. कठीण दगडाला टोप्या घालणं नियमात बसत नाही, कारण टोपीचा परिणाम आकड्यात येतो. इथे टोपी दगडापेक्षा घट्ट होती आणि दुसरा इलाज नव्हता. रिपोर्टमध्ये तसं लिहायचं ठरवलं.

वजनांची एक गंमत सांगते. साइटवर मेण लावून झाल्यावर प्रत्येक तुकड्याचं वजन मी पुन्हा घेतलं होतं. एक तुकडा मेणासकट 684.2 ग्रॅम होता. एकोणीस दिवसांनी तोडायच्या आधी ठेवला तर 683.9. तीन दशांश ग्रॅम. मी ते मामांना दाखवलं तर त्यांनी चष्मा वर करून काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काटा बरोबर आहे ना?" पण चहा त्या दिवशी त्यांनी मागवला. नमुना तीस दिवसांच्या आत तपासावा असं आंतरराष्ट्रीय पद्धतीत म्हटलंय. आम्ही त्याच्या आत होतो, आणि जूनच्या पहिल्या पावसाने लॅबची हवाही आता दमट झाली होती. एरवी पावसाळ्यात ओल्या भिंतींना शिव्या घालणारी मी, बोलाला मानवतंय म्हणून खूश होते.

ओरखडा न पडलेले, उभे, टोपीवाले असे तीन उरले.

तेही मोठ्या मशीनवर लावता येत नाहीत. आमचं दगडाचं मशीन 2000 किलोन्यूटनचं. ट्रकच्या वजनकाट्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवावी तसं झालं असतं. मातीच्या विभागातली छोटी लोडिंग फ्रेम मागून आणली, त्यावर किती जोर पडतोय ते काट्याने दाखवणारी 20 किलोन्यूटनची प्रूव्हिंग रिंग. नमुना ठेवला, वरची तबकडी जेमतेम टेकवली, आणि हळूहळू. बेसाल्ट फुटतो तेव्हा जाळी लावावी लागते, बंदुकीसारखा आवाज होतो आणि कपच्या उडतात. बोल फुटत नाही. तो थकतो. प्रूव्हिंग रिंगचा काटा चढत जातो, मग रेंगाळतो, मग नमुन्याच्या पोटावर एक तिरकी रेघ उमटते आणि काटा परत फिरतो. आवाज नाहीच. दुसऱ्या नमुन्याला काटा 9.4 किलोन्यूटनवरून फिरला. छेदाचं क्षेत्रफळ 2350 चौरस मिमी, म्हणजे 4.0 मेगापास्कल. बाकीचे दोन 3.1 आणि 2.4. याच बोअरमधला, हातभर वरचा बेसाल्ट त्याच आठवड्यात 118 मेगापास्कलला गेला होता.

मधल्या काळात एक चाचणी अगदी विनासायास झाली. स्लेक ड्युरेबिलिटी. दगड पाण्यात किती टिकतो ते बघणारी ही चाचणी तुटक्या तुकड्यांचीच करायची असते, म्हणून लांबीत कमी पडलेले दोन तुकडे तिच्याकडे गेले. 40 ते 60 ग्रॅमचे दहा गोळे लागतात, टोकं नसलेले. मामांनी सुरीने तासून लाडू वळल्यासारखे दहा गोळे केले. भट्टीत 105 अंशाला वाळवले, जाळीच्या पिंपात भरले, पिंप अर्धं पाण्यात, मिनिटाला 20 फेरे, दहा मिनिटं. पुन्हा वाळवा, पुन्हा फिरवा. 500 ग्रॅम घातले होते, दुसऱ्या फेरीनंतर 96 उरले. 19 टक्के. तीसच्या खाली म्हणजे सगळ्यात खालचा वर्ग. मला विचाराल तर या बोलाबद्दल सगळ्यात खरं बोलणारा आकडा हाच होता, आणि त्याला ना हॅक्सॉ लागला ना टोपी.

रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा तक्त्यात तीन ओळी भरल्या: 2.4, 3.1, 4.0. सरासरी 3.2. स्वच्छ तक्ता. पण माझ्या वहीत अकरा ओळी होत्या. एक पाण्याच्या मशीनने खाल्ला, दोन उन्हात तडकले, तीन कापताना गेले, दोन आखूड, तीन तपासले. आणि ते अकराही कुठले, तर जे मुळात गुंडाळण्याच्या लायकीचे निघाले ते. ज्यांचा चुरा झाला ते बॉक्समध्ये, ज्यांचा चिखल झाला ते चरात. गावातली माणसं किती सशक्त आहेत हे आखाड्यात उतरलेल्या पैलवानांवरून ठरवावं, तसं हे 3.2. बोगद्याच्या छतात मात्र सगळं गावच असणार.

मी तक्त्याखाली एक परिच्छेद लिहिला. रिकव्हरी किती, गुंडाळले किती, कशाने गेले किती, टोकांची सपाटी नियमात बसलेली नाही, टोप्या प्लास्टरच्या, आणि म्हणून ही मूल्यं थराच्या घट्ट भागाची धरावीत. सरांनी वाचलं.

"उन्हाचं कशाला लिहिलंस? आपलीच लाज."

"सर, मग आठ कुठे गेले म्हणून सांगू?"

"कोण विचारतंय आठ कुठे गेले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच कुणी विचारत नाही. रिपोर्टच्या छापील नमुन्यात तुटलेल्या नमुन्यांसाठी रकानाच नाही. सर वाईट नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी असे रिपोर्ट ढिगाने पाठवलेत आणि आधार देणारे लोक आपल्या अंदाजाने आकडा निम्मा करून वापरतात हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांचं म्हणणं, ज्याला कळतं त्याला कळतंच. माझं म्हणणं, ज्याने निम्मा केला त्याला तिसऱ्या हिश्शाने करायला हवा होता की नाही हे कशावरून कळणार? आम्ही अर्धा तास घातला. शेवटी उन्हाचं वाक्य 'वाहतुकीत तडे गेले' एवढं झालं आणि परिच्छेद छोट्या टायपात तळटीप म्हणून गेला. माझ्या दोन मिनिटांच्या पराक्रमाचं वाक्य मात्र मी सरांना गाळू दिलं नाही. 'पाण्याने थंड होणाऱ्या पात्यावर नमुना विरघळला.' तीही एक चाचणीच होती म्हणा, फक्त तिला आय.एस. नंबर नाही.

महिन्याभराने डिझाइनवाल्यांकडून फोन आला. एक मुलगा होता, आवाजावरून नुकताच लागलेला. तळटीप वाचली होती. आकड्यांबद्दल काही विचारलं नाही. "मॅडम, ते जे तुटले, त्यांचे फोटो आहेत का?"

होते. विरघळलेल्याचा सोडून सगळ्यांचे होते. त्याचा म्हणून लाल ट्रेचा एक होता, मामांनी धुवायच्या आधी मी काढलेला. तोही जोडला आणि पाठवून दिला.